मूक फेरी आणि माझा मागचा ब्रेक

आमच्या घरात एक माणूस असा आहे, ज्यानं माझ्या सायकलच्या मागच्या ब्रेकला तेल लावलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा! नाव घेत नाही. घरातली भांडणं चव्हाट्यावर कशाला आणायची? एवढंच सांगतो, की त्या माणसाला थोडी लाज उरलेली आहे. हल्ली तो क्रांती चौकाकडे फिरकत नाही.

बसा, चहा घ्या. ही फजिती कोरड्या घशानं सांगण्यासारखी नाही आणि ऐकण्यासारखी तर मुळीच नाही.

माझं नाव निनाद. हसून घ्या. शहरातल्या आवाजाविरुद्ध लढणाऱ्या माणसाचं नाव निनाद असावं यात माझा काय दोष? बारशाला मला कुणी विचारलं नव्हतं.

तर लढाई हॉर्नविरुद्ध होती. तुम्हीच सांगा, आपल्या शहरात सिग्नल हिरवा झाल्यावर हॉर्न वाजतो, की हॉर्न वाजल्यामुळे सिग्नल हिरवा होतो? मला तर वाटतं त्या दिव्याला आता हॉर्नशिवाय जागच येत नाही. मी एम.एस्सी.ला पर्यावरण शिकलो, आवाज मोजायचं यंत्र हाताळलं, आणि ठरवलं की बदल आपल्यापासून सुरू करायचा. मोटारसायकल विकली, सायकल घेतली. डोंगरात चालणारी, जाड टायरची, डिस्क ब्रेकची. गोगाबाबा टेकडीवर सकाळी ती पाहून लोक विचारायचे, "केवढ्याला पडली?" मी म्हणायचो, "पृथ्वीला स्वस्त पडली." मित्र माझ्यासोबत का फिरत नाहीत, ते तुमच्या लक्षात आलं असेलच.

बदल आपल्यापासून म्हणजे आपल्या घरापासून. आणि आमच्या घरात अप्पा होते.

अप्पा म्हणजे माझे वडील. गाव सोयगावकडचं, शेती अजून आहे, कापूस लावतात. स्वतः मात्र इथं कंपनीत सुपरवायझर. त्यांच्या स्कूटरला त्यांनी ट्रकला शोभेल असा हॉर्न बसवून घेतलाय. फाटक उघडलं की हॉर्न, वळण आलं की हॉर्न, गाय दिसली की हॉर्न, ओळखीचा माणूस दिसला की दोनदा हॉर्न.

"अप्पा, रस्त्यावर कुणीच नव्हतं. कशाला वाजवलात?"

"कुणी असतं तर?"

"नव्हतं ना पण!"

"म्हणून तर कुणाला तरास झाला नाय. तू कामून ओरडू राहिला?"

अप्पांचं म्हणणं, हॉर्न म्हणजे रस्त्यावरचा रामराम. न सांगता कुणाच्या अंगावर जाणं हे असभ्य, सांगून जाणं हे सभ्य.

तर मी आणि माझा मित्र सुमेध, आम्ही ठरवलं की दिवाळीच्या आधीच्या रविवारी मूक सायकल फेरी काढायची. गारखेड्यातून क्रांती चौकापर्यंत. घोषणा नाही, शिट्टी नाही, घंटी नाही. कुणी एक शब्द बोलायचा नाही. सगळ्यात पुढे मी, हातात फलक: 'हॉर्न नको, धीर धरा!'

जेवताना हे मी घरी जाहीर केलं. अप्पांनी भाकरी मोडता मोडता ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चल, शर्त लावू. तू घरापासून क्रांती चौकापर्यंत आवाज न करता जाऊन दाखव. मी स्कूटरवर मागं मागं येतो. पोचलास, तर त्याच ठिकाणी माझ्या हॉर्नची वायर तोडून टाकतो."

"खरंच?"

"सोयगावच्या माणसाचा शब्द हाय. पण आवाज झाला, तर या घरात परत हॉर्नचा विषय निघणार नाय."

मी भाकरी तशीच ठेवून हात पुढे केला. सायकलवर आवाज न करता जायचं! यात हरण्यासारखं काय होतं?

आई वरण वाढत म्हणाली, "आधी हात धू."

चारच दिवसांनी दसरा. सकाळीच मी सायकल पोर्चमध्ये घेतली, पुसली, चेनला तेलाचा फवारा मारला, लख्ख करून ठेवली. आंघोळ करून येतो तर काय! हँडलला झेंडूचा हार, सीटवर आपट्याची पानं आणि मागच्या ब्रेकच्या चकतीवर हळदीकुंकवाची पाच बोटं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. डिस्क ब्रेक म्हणजे चाकाच्या मधोमध एक स्टीलची चकती असते. ब्रेक दाबला की दोन छोट्या गाद्या तिला दोन्हीकडून आवळतात. त्यांना पॅड म्हणतात. ही चकती आणि हे पॅड कसे हवेत? सोवळ्यात! तेल नको, तूप नको, बोटसुद्धा नको. जरा ओशटपणा लागला की ब्रेक नीट धरत नाही आणि वर बोंब मारतो.

"आई! डिस्कला कुंकू?"

"मंग कशाला लावू? तेवढीच एक वस्तू चमकते तुझ्या सायकलीची. बाकी सगळी शेणाच्या रंगाची."

मी फडक्यानं कुंकू पुसून काढलं आणि दुपारी सुमेधच्या घरी धम्मचक्र प्रवर्तन दिनाची खीर खायला निघालो. त्याच्या फाटकापाशी ब्रेक दाबला.

काय सांगू! पत्र्यावर खिळा ओढला आणि त्याच क्षणी डुकराच्या शेपटीवर पाय पडला, तर जसा आवाज निघेल तसा. सुमेधची सगळी गल्ली पांढऱ्या कपड्यांत बाहेर आली. सुमेध धावत फाटकापर्यंत आला.

"कुणावर घातलीस?"

"कुणावर नाही. ब्रेक आहे."

"ब्रेक? मला वाटलं कुत्रं गेलं!" मग त्याला फलक, फेरी आणि शर्त आठवली असावी, कारण त्याचा चेहराच उतरला. "निन्या, या सायकलवर तू मूक फेरी काढणार?"

मी घरी येऊन आईला वैज्ञानिक दृष्टिकोनावर व्याख्यान दिलं. श्रद्धा आपल्या जागी, डिस्क आपल्या जागी, वगैरे. आईनं शांतपणे सगळं ऐकलं. मग म्हणाली, "माझं कुंकू कोरडं होतं. कोरड्या कुंकवानं कुणाची सायकल रडत नसती. अन् कुंकवाला नावं ठेवू नको, सांगून ठेवते."

दुरुस्ती सुरू झाली. पहिल्यांदा चकती धुवायचं ठरलं. पण आमच्याकडे नळाला पाणी कधी येतं हे तुम्हाला माहीतच आहे. मी बादली उचलली तशी आई दारात आडवी. "प्यायला पाणी पुरवून वापरू राहिलो आम्ही, अन् हा ब्रेकला आंघोळ घालतो!" शेवटी कोरोनातली सॅनिटायझरची बाटली सापडली, तिनं चकती पुसली. पॅड काढले, पॉलिश पेपरवर घासले. पॅडमध्ये मुरलेलं तेल जाळून टाकायचं तर ते गॅसवर तापवावे, असं मोबाईलवर एका गोऱ्या माणसानं दाखवलं होतं. आई बाजारात गेलेली. सांडशीत पॅड धरून मी गॅस पेटवला.

धूर! आणि असा वास, की शेजारच्या घरातली मांजर खिडकीतून उतरून गेली. अप्पा कामावरून आले, चपला काढता काढता त्यांनी नाकानं हवा ओढली आणि माझ्याकडे फार काळजीनं पाहत विचारलं, "आज भाजी तू केली का रे?"

पण मंडळी, ब्रेक शांत झाला! मी गल्लीत प्रत्येक फाटकासमोर ब्रेक दाबून पाहिला. हूं नाही की चूं नाही. इतका आनंद झाला की लगेच पोर्चमध्ये बाकी सायकलीचीही निगा राखली. नटबोल्ट आवळले, चेनला फवारा मारला, टायरमध्ये हवा भरली. शिस्त म्हणजे शिस्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाबाहेर पडलो, ब्रेक दाबला, आणि...

डुक्कर परत आलं होतं!

आता विचार करा. संध्याकाळी शांत, सकाळी किंचाळी. मध्ये मी सायकलवर बसलोसुद्धा नाही. मग मधल्या वेळात पोर्चमध्ये काय घडलं? कुणीतरी, मुद्दाम, तेल लावलं! आणि पोलीस सगळ्यात आधी काय विचारतात? फायदा कुणाचा? माझा ब्रेक ओरडला तर हॉर्न कुणाचा वाचतो?

आणि स्कूटरच्या डिकीत तेलाची बुदली कोण ठेवतं?

सुमेधला सांगितलं तर तो म्हणाला, "अप्पा? अरे, मी आलो की मला आग्रह करकरून जेवायला घालणारा माणूस तो. असं करतील होय?"

"प्रेम वेगळं, हॉर्न वेगळा," मी म्हणालो. "बदलाला पहिला विरोध घरातूनच होतो, सुमेध."

"निन्या, तू एकदा झोप बरं नीट."

त्या संध्याकाळी चहाच्या वेळी मी विषय काढलाच. अप्पा बिस्किट बुडवत होते, आई शेंगा सोलत होती.

"मी कुणाचं नाव घेत नाही," मी म्हणालो. "पण या घरात कुणीतरी लपून छपून तेल लावतंय."

आईनं शेंग खाली ठेवली. "मी बी तेच म्हणते! मी बी कुणाचं नाव घेत नाय, पण पोर्चच्या फरशीवर कुणीतरी रोज तेल सांडू राहिलं. काल माझा पाय सटकला. तो माणूस मला सापडला ना, तर त्याला त्याच फरशीवर भाकर वाढीन."

आम्ही दोघांनी एकाच वेळी अप्पांकडे पाहिलं.

अप्पांचं बिस्किट चहात पडलं. "मी? मी काय केलं? माझ्या स्कूटरीचं तेल तर डिकीत हाय!"

"म्हणजे तेल तुमच्याकडे आहे, हे कबूल," मी म्हणालो.

"अरे, भाजीचं तेल तुझ्या आईकडं हाय, तिला धर की!"

"लावा आता माझ्यावर!" आई म्हणाली, आणि शेंगांचं ताट घेऊन आत गेली. अप्पा बुडालेलं बिस्किट चमच्यानं शोधत राहिले. खरं सांगतो, त्या क्षणी मला त्यांच्या चेहऱ्यावर अपराधीपणा दिसला. शपथेवर सांगितलं असतं मी!

मग मी धोका पत्करला नाही. पैठण गेटच्या दुकानातून नवे कोरे पॅड आणले, चकती परत सॅनिटायझरनं पुसली, सगळं बसवून पाहिलं. शांत! आणि त्या क्षणापासून सायकल पोर्चमधून माझ्या खोलीत आणली, वर जुनी चादर घातली, खोलीला कुलूप लावलं. आठवडाभर आमच्या घरात बाहेर जाताना किल्ली गळ्यात घालून जाणारा मी एकटाच होतो. आई झाडू घेऊन दाराबाहेर उभी राहायची आणि म्हणायची, "आतली धूळ बी कुलपातच ठेव."

अप्पा रोज सकाळी स्कूटर काढताना हॉर्न वाजवायचे. मला उगीचच वाटायचं, तो हॉर्न हसतोय.

रविवार उजाडला. सुमेध, त्याच्या वस्तीतली मंडळी, माझे विद्यापीठातले मित्र, कॉलनीतले दोन आजोबा, अशा पंचवीस-तीस सायकली फाटकाबाहेर जमल्या. सगळे तोंडावर बोट ठेवून एकमेकांना नमस्कार करत होते. मी सायकल बाहेर पोर्चमध्ये आणली. सगळ्यांसमोर ब्रेक दाबून पाहिला. शांत! सुमेधनं अंगठा दाखवला.

आणि तेवढ्यात मला चेनची बारीक कुरकुर ऐकू आली. आठवडाभर तेल नव्हतं ना! मूक फेरीच्या पुढाऱ्याची चेन बोलते? छे! मी डबा आणला, उजव्या बाजूला बसलो, पेडल उलटं फिरवत मनसोक्त फवारा मारला. पुढून, मागून, वरून. हाताला जरा घाई होती, सगळे ताटकळत होते. सकाळचं वारंही छान सुटलं होतं.

आई ओवाळायचं ताट घेऊन सायकलच्या पलीकडून आली आणि सटकलीच. ताट सावरलं, पण दिवा गेला.

"बघा! परत तेल! आत्ता तर पुसली होती फरशी!"

मी अप्पांकडे जळजळीत पाहिलं. ते स्कूटरवर बसले होते, दोन्ही हात वर. जणू मी पिस्तूलच रोखलं होतं.

फेरी निघाली. पुढे मी. उजव्या हातात फलक, म्हणजे पुढचा ब्रेक दाबायला हात मोकळा नाही. सगळा भार डाव्या हातावर, म्हणजे मागच्या ब्रेकवर. त्याची काय काळजी? नवे पॅड, धुतलेली चकती, आठवडाभर कुलपात!

सूतगिरणी चौकात एक कुत्रं आडवं आलं. मी ब्रेक दाबला.

देवा! जुन्या पॅडचं डुक्कर होतं, नव्या पॅडचा हत्ती निघाला. कुत्रं जागच्या जागी बसलं. चहाच्या टपरीवरचे सगळे उभे राहिले. एका बाईनं गॅलरीतून ओरडून विचारलं, "काय झालं हो? लागलं का कुणाला?"

आणि मी काय करू शकत होतो? बोलायचं नाही, असा नियम मीच केला होता! मी तोंडावर बोट ठेवलं. बाईला वाटलं, माझी जीभच तुटली. तिनं वरून पाण्याची बाटली खाली टाकली.

मागून सुमेध हातवारे करत होता. पंचवीस-तीस सायकली तोंड दाबून हसत होत्या. हसणं मूक होतं, तेवढा एकच नियम पाळला गेला. ते दोन आजोबा तर उतरून सायकलला टेकून थरथरत होते.

पुढचा रस्ता विचारू नका. आपल्याकडे रस्त्यावर दर दहा पावलांना ब्रेक लागतो. वळण, खड्डा, भाजीची गाडी, परत खड्डा. दर वेळी किंचाळी! त्रिमूर्ती चौकात एक बस आपणहून बाजूला झाली. मोटारसायकलवाले वळून पाहायचे आणि कडेला घ्यायचे. रस्ता असा मोकळा होत गेला, की मंत्र्याच्या गाडीला व्हावा. फलक मी उंच धरून होतो: 'हॉर्न नको, धीर धरा!' लोक फलक वाचायचे, मग माझ्याकडे पाहायचे, मग परत फलक वाचायचे.

क्रांती चौकाचा सिग्नल लाल होता. मी सगळी ताकद लावून ब्रेक दाबला. शेवटची आणि सगळ्यात लांब किंचाळी निघाली, चौकातल्या उड्डाणपुलाखाली घुमली, परत आली.

आणि चौक शांत झाला.

खरंच शांत! गाड्या, बस, रिक्षा, कुणी हॉर्न वाजवेना. जो तो आवाज कुठून आला ते पाहत होता. क्षणभर माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, कसं का असेना, आपण जिंकलो!

तेवढ्यात अप्पांनी स्कूटर शेजारी आणून उभी केली. खाली उतरले, रुमाल काढला, माझ्या मागच्या चकतीवरून फिरवला आणि नाकाला लावला. मग वाकून चेनला लावला, परत नाकाला लावला.

"निन्या, हे तुझ्या चेनचंच तेल हाय."

नियम मोडून मी म्हणालो, "शक्य नाही! चेन उजवीकडे, डिस्क डावीकडे."

"अन् मधी काय हाय? भिंत?" अप्पा म्हणाले. "चाकाच्या तारा हायेत. सकाळी तू इकडून फवारा मारू राहिला अन् वारं तिकडं चाललं होतं. अर्धं तेल चकतीवर, अर्धं तुझ्या आईच्या फरशीवर. अरे, कपाशीवर फवारताना सोयगावचं माणूस आधी वारं बघतंय, मंग पंप उचलतंय. एवढी घाई कशाची असती रे तुला?"

मी फलकाकडे पाहिलं. 'धीर धरा!' अक्षरं माझीच होती.

दसऱ्याच्या सकाळी फवारा. ब्रेक शांत झाल्याच्या आनंदात फवारा. आज, मूक फेरीसाठी खास, फवारा. कुंकू कोरडंच होतं. बुदली डिकीतच होती. आणि मी आठवडाभर गुन्हेगाराला सायकलीसोबत एकाच खोलीत कोंडून, किल्ली त्याच्याच गळ्यात घालून फिरत होतो!

"अप्पा," मी हळूच म्हणालो, "शर्त मी हरलो."

"व्हय, हरलास. पण एक सांगू का?" अप्पांनी माझ्या खांद्यावर तोच तेलकट रुमाल टाकला. "घरून इथपर्यंत मी हॉर्न एकदाबी वाजवला नाय. गरजच पडली नाय. तुझ्या मागं रस्ता सगळा मोकळाच!"

मागे सुमेध आता नियम वगैरे विसरून मोठ्यानं हसत होता. मी फलक गुंडाळत होतो. तेवढ्यात शेजारच्या रिक्षावाल्यानं मान बाहेर काढली, माझ्या सायकलीकडे पुढून मागून निरखून पाहिलं आणि अतिशय आदरानं विचारलं,

"ओ भाई, ये हारन कां से बिठाए? मेरे रिक्षा को भी येच होना."